१,५४,००० मैल झालेली मिनिव्हॅन: अजून ३,८४० डॉलर घालू की काढून टाकू?

खटारागाडी
मंडळी, सल्ला पाहिजे, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आम्ही अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत. २०१३ ची मिनिव्हॅन २०२० च्या जूनमध्ये एका फॅमिलीकडून घेतली, तेव्हा ९६,००० मैल झाले होते, १०,५०० डॉलर मोजले. आज १,५४,००० वर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर पुढची चाळीस उत्तरं 'अमकी घ्यायला हवी होती' अशीच येतील.

आता दुखणी. उजवीकडचं सरकतं दार बटणाने अर्ध्यावर येतं, टींटीं करतं आणि परत जातं. मागचा एसी गार करत नाही, गॅस भरला की तीन आठवड्यांत गायब. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगपासून सीटपर्यंत थरथर. आणि ज्याची खरी भीती वाटते ते म्हणजे ४० मैलांच्या स्पीडला रंबल स्ट्रिपवरून (हायवेच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावरून) जातोय असं दोन-तीन सेकंद वाटतं आणि मग थांबतं.

डीलरकडे नेली. दाराची मोटर आणि केबल १,४८०, मागच्या एसीचे पाइप १,३५०, इंजिन माउंट (इंजिनाखालचे रबरी आधार) १,०१०, एकूण ३,८४०. ट्रान्समिशनबद्दल (गिअरबॉक्स हो) म्हणाला सध्या चालवा, गेलं तर ५,५०० धरून चाला. एवढं बोलून वर हसला.

मे महिन्यात आई-बाबा येतायत सहा महिन्यांसाठी, म्हणजे सहा माणसं आणि नायगारा ठरलेलाच. बायको म्हणते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. काय करू?

रिकामटेकडा
विका आणि सुटा. १०० हजारांच्या पुढे गाडी म्हणजे पांढरा हत्ती.

पानापक्कड
रिकामटेकडा, १०० हजारांच्या पुढेच तर गाडी स्वस्त पडायला लागते राव, पैसे आधीच्या मालकाने भरलेले असतात :)

खटारागाडी, थोडं थांबा, पैसे लगेच भरू नका. आधी त्या ४० च्या थरथरीचं निदान करा कारण बाकीचा निर्णय त्यावर आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर ४० ला स्थिर चालवा, थरथर सुरू झाली की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता (मागे कोणी नाही ना ते बघून!). त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग) लॉक-अप, म्हणजे त्यांना घट्ट पकडणारा क्लच, सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर दुखणं लॉक-अप क्लचचं, आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ जळकं, जुनं झालेलं ट्रान्समिशन ऑइल. नाही थांबली तर इंजिन मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) असू शकतं, मग स्पार्क प्लग आणि कॉइल बघायचे. ते तुलनेने स्वस्त काम आहे. लोक मिसफायरला ट्रान्समिशन समजून गाडी फुंकून टाकतात, मी दोन जणांना थांबवलंय.

आणि एक सांगा, ट्रान्समिशनचं ऑइल शेवटचं कधी बदललं?

खटारागाडी
कधीच नाही :( आधीच्या मालकाने सांगितलं होतं की ते लाइफटाइम असतं.

पानापक्कड
लाइफटाइम म्हणजे कोणाची लाइफ ते विचारायचं राहिलं.

बर्फाळ
मिशिगनमधून रामराम. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, ट्रान्समिशनच्या नाही, तेव्हा चिमूटभर मीठ टाकून, म्हणजे जरा जपूनच, वाचा. मिठावरून आठवलं, तुमचे मागच्या एसीचे पाइप का गेले? मिनिव्हॅनला मागच्या सीटसाठी वेगळा एसी आणि हीटर असतो, त्याचे ॲल्युमिनियमचे पाइप इंजिनपासून गाडीच्या पोटाखालून मागे जातात. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच जागी चिखलाबरोबर अडकतं, क्लॅम्पच्या खाली तर वर्षभर ओलं राहतं, आणि तिथेच पाइप सडतो. सेडानला हे दुखणंच नाही कारण पाइपच नाहीत. बहुतेक वेळा सडलेला तुकडा वीतभर असतो. डीलर अख्खी लाइन बदलतो, चांगला स्वतंत्र मेकॅनिक तेवढाच तुकडा कापून नवीन जोडतो. तुमची २०१३ ची आहे म्हणजे जुना १३४ए गॅस असणार, तो त्यातल्या त्यात स्वस्त. नव्या गाड्यांत १२३४वायएफ आला, त्याचा भाव ऐकून घाम फुटतो, एसी नसतानाही.

डाळिंब
माझं मत वेगळं आहे आणि ते अनुभवातून आलंय. आमचीही अशीच होती, १,६०,००० झालेली. नवरा म्हणायचा अजून एकच खर्च आणि मग दोन वर्षं बघायला नको. एकाच हिवाळ्यात तीन वेळा टो केली. तिसऱ्या वेळी मी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, आय-८१ हायवेवर स्क्रँटनच्या पुढे, बाहेर उणे आठ, रेडिएटरचा होज फुटलेला आणि हीटर बंद. पाऊण तास. सासूबाईंनी शाल मुलाला दिली आणि स्वतः रामरक्षा म्हणत बसल्या. तो पाऊण तास कुठल्या एक्सेलमध्ये बसवता सांगा. महिन्याभरात गाडी विकली.

हिशेबनीस
डाळिंबताई, मुद्दा मान्य. पण आधी खटारागाडी, आतापर्यंत दुरुस्तीला किती गेले ते लिहा बघू, पावत्या ठेवल्या असतील तर.

खटारागाडी
ग्लव्ह बॉक्समध्ये कोंबल्यात. अल्टरनेटर ७२०, टायर ६४०, व्हील बेअरिंग ४१०, रेडिएटर ८८०, पुढचे ब्रेक ३९०, ऑक्सिजन सेन्सर ३४०. सेन्सरची वेगळी गंमत आहे. चेक इंजिनचा दिवा लागला, सरकारी इन्स्पेक्शन तोंडावर, मी हुशारी करून बॅटरीची वायर काढून लावली, दिवा गेला. तिथे जाऊन रांगेत उभा राहिलो तर मशीन म्हणतं नॉट रेडी. परत पाठवलं. मग कळलं की बॅटरी काढली की कॉम्प्युटरच्या सगळ्या तपासण्या शून्यावर जातात आणि त्या पुऱ्या व्हायला हायवे-गल्ली असं मिळून काही दिवस चालवावी लागते. चालवली, तर दिवा परत लागला!

हिशेबनीस
हाहा. आता बघा. सगळं मिळून ३,३८०. घेतली १०,५०० ला, आज अशा अवस्थेत ३,५०० आले तरी डोक्यावरून पाणी, म्हणजे ७,००० घसारा. एकूण १०,३८०. जून २०२० ते आता ५८ महिने, आणि योगायोगाने मैलही ५८ हजारच. म्हणजे महिना १७९ डॉलर किंवा मैलाला १८ सेंट, पेट्रोल आणि इन्शुरन्स सोडून. नवीन मिनिव्हॅन ४० हजारांच्या आसपास सुरू होते. ३५ हजार लोन काढलं, ७ टक्के, ५ वर्षं, तर हप्ता ६९३. शिवाय नव्या गाडीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्स.

वहिनींची म्हण एकदम बरोबर, फक्त कोंबडीची किंमत चुकली. तुम्ही दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या भावाशी करताय. ती नवीन कोंबडीच्या भावाशी करायची. ३,८४० म्हणजे नव्या गाडीचे साडेपाच हप्ते. दुरुस्तीनंतर ही गाडी सहा महिने तरी चालेल का, इतकाच प्रश्न आहे.

रिकामटेकडा
आणि सातव्या महिन्यात ट्रान्समिशन गेलं तर?

हिशेबनीस
तर गाडी जशी आहे तशी विकायची, ५,५०० घालायचे नाहीत. ही रेघ आजच ओढून ठेवायची, टो ट्रकमध्ये बसल्यावर नाही. तिथे बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

कोथरूडकर
पुण्यातून डोकावतोय. मिनिव्हॅन म्हटल्यावर आमच्या पिढीला मारुती ओम्नीच आठवते, १९८४ पासून २०१९ पर्यंत चालली बिचारी. शाळेची व्हॅन तीच, किराणा पोचवणारी तीच, आणि हिंदी पिक्चरमध्ये पळवून न्यायलाही तीच. सरकतं दार हाताने ओढायचं, मोटर नाही, केबल नाही, टींटीं नाही. दार निघून हातात आलं तर चौकातला मेकॅनिक हातोड्याने बसवून द्यायचा. तुमचे १,५४,००० मैल म्हणजे अडीच लाख किलोमीटरच ना? इथे डिझेल इन्नोव्हा तेवढ्या रनिंगला विकायला निघते आणि टूरवाला हसत हसत घेतो. आमच्याच ओळखीत साडेतीन लाखांची आहे, पंढरपूर-अक्कलकोट अजून करते. पण इथे मजुरी स्वस्त आहे हे खरं, तिकडे पान्याला हात लावायचे शंभर डॉलर म्हणतात.

पानापक्कड
शंभर कुठले, आमच्याकडे स्वतंत्र शॉपचा तासाचा रेट १२५ च्या आसपास आणि डीलरचा १९० ला टेकलाय. काम किती तासांचं ते पुस्तकात ठरलेलं असतं, चार तास लिहिलंय आणि पोरगं अडीच तासांत मोकळं झालं तरी पैसे चार तासांचेच.

दाराबद्दल लिहायचं राहिलं. खटारागाडी, दार हाताने ढकलून बघा. जड जातंय का, मागच्या बाजूला खाली लोंबतंय का? दाराच्या मधल्या पट्टीत एक रोलर असतो, बेअरिंगवाला. तो झिजला की दार तिरकं होतं, मोटरवर लोड येतो आणि कॉम्प्युटरला वाटतं मध्ये कोणाचा हात अडकला, म्हणून ते परत उघडतं. मोटर बिचारी निरोगी असते. रोलर बदलला नाही आणि नवीन मोटर घातली तर तीही जाईल. केबलच तुटलीये असं दिसलं तर पॉवर स्विच बंद करून हाताने वापरा, कोथरूडकर म्हणतात तसं.

बर्फाळ
दारावरून, सगळ्यांनीच आपल्या गाडीचा १७ अक्षरी व्हिन नंबर एनएचटीएसएच्या (इथलं सरकारी रस्ता सुरक्षा खातं) साइटवर टाकून बघा. रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) बाकी असेल तर डीलर फुकट करून देतो, तुम्ही कितवे मालक आणि किती मैल याचा संबंध नाही. उदाहरणार्थ २०११ ते २०१६ च्या टोयोटा सिएनाला सरकत्या दारांचाच रिकॉल होता. सेकंडहँडवाल्यांना रिकॉलची पत्रं पोचतच नाहीत, जुन्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जातात.

टेक्सासची मिरची
थोडं विषयांतर, माफ करा. आम्ही ह्यूस्टनहून न्यू जर्सीला येतोय आणि तिथे वापरलेली मिनिव्हॅनच घ्यायचीये, १२ हजारांपर्यंत. कुठली घ्यावी? हा धागा वाचून झोप उडालीये.

रिकामटेकडा
सिएना. डोळे झाकून.

पानापक्कड
डोळे झाकून काहीच घेऊ नका. सिएना चांगलीच, पण त्या नावाचेच दोन-तीन हजार जास्त मोजावे लागतात आणि त्या भावात तुम्हाला चार वर्षं जास्त जुनी, दमलेली गाडी मिळते. होंडाची ओडिसी चालवायला मस्त, पण तिच्या व्ही६ ला टायमिंग बेल्ट आहे, साधारण १ लाख मैल किंवा ७ वर्षं झाली की वॉटर पंपासकट बदलायचा. तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात आणि इंजिनाचं तेरावं घालावं लागतं. विकणारा बेल्ट बदललाय म्हणाला तर पावती दाखव म्हणायचं. पावती नाही म्हणजे बदललेला नाही, हजार-दीड हजार किमतीतून कमी करायचे. सिएनाला २००७ पासून बेल्टऐवजी चेन आहे, तिथे ही कटकट नाही.

बर्फाळ
जुन्या जमान्यातली १९९९ ते २००४ ची ओडिसी कोणी १,५०० ला देत असेल तर फक्त ट्रान्समिशनचा विचार करा, तेव्हाचं प्रकरण जगजाहीर आहे, २००४ मध्ये मोठा रिकॉल निघाला होता. नंतरच्यांत सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवणारी व्हीसीएम आली, २००८ ते २०१३ च्या ओडिसीत प्लग काळे होणं आणि ऑइल खाणं यावरून खटला होऊन समझोता झाला. याचा अर्थ सगळ्या खराब असा नाही, दर १,००० मैलांना डिपस्टिक बघायची सवय लावा एवढाच. क्रायस्लरच्या ३.६ पेंटास्टार इंजिनात सुरुवातीच्या काही वर्षांत डाव्या सिलिंडर हेडची भानगड होती, कंपनीने त्याची वॉरंटी वाढवली होती. आणि हो, ज्यांनी १९८३ च्या शेवटी मिनिव्हॅन जन्माला घातली ते हेच. आता या धंद्यात उरलेत चार-पाच जण, फोर्ड आणि जीएम कधीच बाहेर पडले. वापरलेला मालही म्हणूनच कमी आणि महाग.

डाळिंब
मिरची, जर्सीत एक गोष्ट लक्षात ठेव. इथलं सरकारी इन्स्पेक्शन दोन वर्षांनी असतं पण ते फक्त धुराचं. ब्रेक, सस्पेन्शन, खालचा गंज हे कोणी बघत नाही, २०१० पासून बंद झालं. स्टिकर ताजं आहे म्हणून गाडी चांगली असं विकणारा सांगतो, त्याला काही अर्थ नाही. दीडशे डॉलर देऊन आपल्या मेकॅनिकला लिफ्टवर दाखवायची. नाही म्हणाला तर तसंच मागे फिरायचं.

आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळात इथे किती गाड्या बुडाल्या ते आम्ही बघितलंय. सगळ्या सीटचे पट्टे पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघ, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. पट्टा शेवटपर्यंत धुवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

पानापक्कड
वा ताई, हे मीही लिहून ठेवतो. मी अजून काय बघतो तर सकाळी इंजिन थंड असताना जायचं, आधी सांगायचं की गरम करून ठेवू नका, ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावला की कळतंच, मग दोन्ही सरकती दारं दहा-दहा वेळा उघडबंद, लाज वाटली तरी, मग मागचा एसी वेगळा लावून तिसऱ्या रांगेत जाऊन बसायचं पाच मिनिटं, तिसरी सीट पाडून उभी करायची, आणि तिच्या खाली बघायचं, तिथे चिरिओज (पोरं नाश्त्याला खातात ते सिरियल) सापडली तर चांगलं लक्षण, पोरांची गाडी आहे, टॅक्सीला वापरलेली नाही.

टेक्सासची गाडी तिकडूनच घेऊन आलात तर अजून उत्तम, खालून बघाल तर डोळ्यांत पाणी येईल इतकी स्वच्छ. रबर आणि बॅटरी मात्र उन्हाने वाळलेली असते.

टेक्सासची मिरची
हे डोक्यातच आलं नव्हतं! इकडूनच घेते मग. धन्यवाद सगळ्यांना.

रिकामटेकडा
एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका ना सगळ्यांनी. मला रोज फोन येतो :प

हिशेबनीस
तो फोन मला गाडी नव्हती तेव्हापासून येतोय.

खटारागाडी
दोन आठवड्यांत अपडेट द्यायचा विचार होता, पाच झाले.

डाव्या पायाची परीक्षा केली, रविवारी पहाटे, बायकोला मागे बघायला बसवून. ब्रेकला पाय टेकला की थरथर बंद, सोडला की चालू. म्हणजे लॉक-अपच. मंदिराच्या पार्किंगमध्ये एका गुजराती काकांनी मेकॅनिक सांगितला, दोनच लिफ्ट, ऑफिसात देवाचं कॅलेंडर आणि कॉफी अत्यंत वाईट. त्याने ऑइल काढून दाखवलं, डिंकाच्या लाडवाच्या पाकासारखं काळं. फ्लश करणार नाही म्हणाला, एवढ्या मैलांवर जोराने धुतलं तर आतला गाळ सुटून कुठेतरी अडकेल. त्याऐवजी तीनदा काढून भरलं, दर वेळी मध्ये पाच-सहाशे मैल चालवून, कारण एका वेळी निम्म्याहून कमीच ऑइल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसलेलं असतं. ऑइल कंपनीने सांगितलेलंच, सगळ्या गाड्यांना चालतं वालं नाही. तिन्ही मिळून २८५. पहिल्या वेळी काही फरक नाही, मी मनातल्या मनात पानापक्कड यांना शिव्या घातल्या. दुसऱ्यानंतर कमी झालं. आता आठवड्यातून एखादवेळ, तेही इंजिन गार असताना. पूर्ण गेलं नाही, खोटं बोलत नाही.

दार म्हणजे रोलरच. १३० मध्ये झालं. पण बटणाने अजूनही तीनदा सांगितलं की एकदा ऐकतं, म्हणून स्विच बंद करून टाकलाय. एसीचा तुकडा कापून जोडला आणि गॅस भरला, ५२०. माउंट कंपनीचेच घातले, ६४०, त्यात स्वस्तातले घालू नका असं तोच म्हणाला, सहा महिन्यांत परत थरथर सुरू होते. बेरीज १,५७५. हिशेबनीस, पावत्या आता फायलीत आहेत, ग्लव्ह बॉक्समध्ये नाहीत.

डाळिंब
आणि नायगारा?

खटारागाडी
तुमचं वाचून दोन रात्री झोपलो नाही ताई. शेवटी असं ठरवलं की नायगाराला ही न्यायचीच नाही. पाच दिवस नवीन मिनिव्हॅन भाड्याने बुक केलीये, ५०० ला पडली, ती बंद पडली तर डोकं भाड्यावाल्याचं. ही गाडी फक्त जवळपास, एडिसन, ओक ट्री रोड, मंदिर, शाळा, कॉस्टको. रोडसाइडची मेंबरशिपही १०० मैल टोइंगवाली करून घेतली. आणि ट्रान्समिशन गेलं तर विकायची, ती रेघ फ्रिजवर लिहून लावलीये, बायकोच्या अक्षरात.

हिशेबनीस
५०० धरूनही डीलरच्या कोटच्या निम्म्याहून थोड्याच जास्तीत झालं.

डाळिंब
हे पटलं. आमच्या ह्यांना वाचायला देते.

पानापक्कड
मेकॅनिकचा नंबर मला वेगळ्या मेसेजमध्ये (विपूत) टाका प्लीज. आणि आई-बाबा पोचले का?

खटारागाडी
विपू केली. परवा पोचले. नेवार्क विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी सांगायच्या आत बाबांनी दाराला हात घातला आणि ओढलं ते असं की अख्खी गाडी हलली. आई म्हणाली अहो, ती काय एसटी आहे? बाबा म्हणाले, छान आहे, आपल्या ओम्नीसारखी.